दोर कितव्या गाठीला भिजला?

वडील गेल्यानंतरच्या वर्षी मी आणि छकुली रजिस्ट्रार कचेरीबाहेर लिंबाखालच्या बाकावर बसलो होतो. हातात ‘हक त्याग’चे कागद. इंदूरच्या मराठी घरांतही हाच शब्द चालतो. हक्कसोड म्हटलं तर दस्त लिहिणारा तोंडाकडे बघत राहतो. छकुली म्हणजे माझी धाकटी बहीण. आज बावन्न वर्षांची आहे, पण घरातलं नाव कधी मोठं होत नाही. तिनं तीन ठिकाणी सह्या केल्या, अंगठ्याची शाई रुमालाला पुसली आणि समोरच्या गाडीवर उसाचा रस पिताना म्हणाली, “जमीन तू ठेव, दादा. मला बातमी पाहिजे. दर आठवड्याला. आणि गाळून नको देऊस.”

२००५च्या दुरुस्तीनंतर मुलीचा वाटा मुलाइतकाच असतो हे मलाही माहीत होतं आणि तिलाही. तरी सही झाली. अशा सह्या आमच्याकडे बहिणीच करतात. मला थोडं लागलं, पण मी तिला थांबवलं नाही, हेही इथेच लिहून टाकतो.

शेत देपालपूरच्या रस्त्याला आहे. चौदा बिघे, म्हणजे साडेतीन हेक्टरच्या आसपास, सगळी काळी माती. पणजोबा होळकरांच्या महसूल खात्यात कारकून होते, तेव्हापासूनची जमीन. आमची तीन पिढ्यांची सवय अशी की घरात मराठी, बाजारात हिंदी आणि बांधावर पाय पडला की माळवी. छकुलीची माळवी माझ्यापेक्षा चांगली. लहानपणी मे महिन्याची सुट्टी आम्ही तिथेच काढायचो आणि ती विहिरीवरच्या बायकांत बसून शिव्यांसकट सगळं शिकली होती.

लग्नानंतरही ती इंदुरातच, सुदामानगरात राहिली. तेव्हा बातमी द्यायला वेगळं काही करावं लागत नसे. रविवारी ती रामबागेत आमच्याकडे पोह्यांना यायची, आईच्या बाजूला बसायची आणि मी शेतावरून आणलेल्या पिशव्या ती उपसायची. जून २०२४ मध्ये मेव्हण्यांची बदली जैसलमेरला झाली. ते पवनचक्क्यांच्या उपकेंद्रांची देखभाल बघतात. मुलगा पुण्यात, घरात दोघंच. छकुली म्हणाली, “मी पण जाऊन राहिले.” आईनं विचारलं, “तिथे खातील काय?” आईचे सगळे भौगोलिक प्रश्न याच एका प्रश्नात संपतात.

जाताना तिनं सामानात एक खताचं रिकामं पोतं भरून काळी माती घेतली. मेव्हण्यांनी कपाळाला हात लावला. ट्रकवाल्यानं विचारलं, “दीदी, ये क्या है?” ती म्हणाली, “गमले की मिट्टी.” कढीलिंबाचं आणि गवती चहाचं रोप लावायचं होतं. तिथे पोहोचून तिनं दोन कुंड्या भरल्या, रोज लोटाभर पाणी घातलं आणि पंधरा दिवसांत कुंडीतली माती चारी बाजूंनी आक्रसून मधे ढेकूळ होऊन बसली. कडेनं इतकी फट की बोट जाईल. आमच्या मातीचा स्वभावच तो. पाण्यानं फुगते, उन्हानं भेगाळते. उन्हाळ्यात शेतात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, तशाच जैसलमेरच्या गच्चीवर कुंडीत पडल्या. वर ओतलेलं पाणी भेगेतून थेट खाली. कढीलिंब गेला.

शेजारच्या भाभीनं बघितलं आणि हसल्या. त्यांनी धोऱ्याची, म्हणजे वाळूच्या टेकडीची, रेती आणून दिली, निम्मी-निम्मी कालवायला लावली, वर बाजरीचा भुसा पसरायला सांगितला. दुसरा कढीलिंब जगला. हे छकुलीनं मला फोनवर सांगितलं तेव्हा त्यात कौतुकापेक्षा अपमान जास्त होता. “आपली एवढी नावाजलेली माती, दादा. रेतीची भीक मागून राहिली.”

पहिले सहा महिने तिच्या बातम्या अशाच होत्या. भांडी घासून पालथी घातली तरी सकाळी ताटलीत रेतीचा हलका थर. खिडक्यांच्या फटींना चिकटपट्टी. आंधी आली की आधी गॅसवरचं दूध झाकायचं, मग गच्चीवरचे कपडे. उलटं केलं तर दोन्ही जातं. कपडे मात्र दहा मिनिटांत वाळतात. कोथिंबीर मिळते, पण ती इंदूरसारखी भाजीवर फुकट मिळत नाही. पोहे तिथल्या पाण्यात भिजवले की कधी चिकट होतात, कधी कोरडे राहतात. तिचं म्हणणं, हवाच त्यांतलं पाणी पिते. यावर माझा विश्वास नाही, पण पोहे बायकांचा विषय आहे असं म्हणून मी सुटलो आणि त्यावरून दोन आठवडे बोलणी खाल्ली.

आणि दसऱ्याला एक फोटो आला. माळावर एकटंच एक काटेरी, झिपरं झाड, खाली शेळ्या. खाली तिनं लिहिलं होतं: “सोनं.” मला कळेना. माळव्यात दसऱ्याला आपट्याऐवजी शमीची पानं सोनं म्हणून वाटतात. आई तीच पानं गणपतीला वाहते आणि त्यासाठी मला दरवेळी कुणाच्या तरी कुंपणात हात घालावा लागतो. ती शमी म्हणजेच तिकडची खेजडी. इथे मी काटे टोचून घेऊन मूठभर आणतो, तिथे ती शेताशेतांत उभी आहे. पाला शेळ्यांना, शेंगांची सांगरी माणसांना, सावली बाजरीला. खेजडीखाली बाजरी जास्त चांगली येते म्हणून शेतकरी ती तोडत नाहीत. १७३०मध्ये जोधपूरजवळच्या खेजडलीत याच झाडासाठी ३६३ बिश्नोई स्त्री-पुरुषांनी जीव दिला, हे मला शाळेत शिकवलेलं होतं. पण ते झाड म्हणजे आमच्या गणपतीची शमी, हे कुणी सांगितलं नव्हतं. आता सौर प्रकल्पांसाठी तीच झाडं तुटतात म्हणून तिथले लोक धरण्यावर बसतात, विजेच्या तारांना धडकून माळढोक मरतो म्हणून खटले चालतात. छकुलीच्या घराचं भाडं त्याच विजेतून येतं. ती हे स्वतःच सांगते, मी काही बोलायच्या आत.

मी जानेवारीत गेलो. इंदूरहून जोधपूरपर्यंत रेल्वे, पुढे बस. बरोबर आईनं दिलेले तिळाचे लाडू, शेतातला लसूण आणि दोन किलो सेव. (इंदूरचा माणूस वाळवंटात पाण्याआधी सेव नेतो.) घर पिवळ्या दगडाचं, लहानसं. अंगणात जमिनीखाली पाण्याचा टांका, त्याला लोखंडी झाकण, झाकणाला कुलूप. मी कुलूप बघून हसलो. छकुली हसली नाही. झाकण उघडून तिनं कोपऱ्यातला बांबूचा दांडा आत सोडला, बाहेर काढला, ओलं कुठवर आलंय ते विताच्या मापानं मोजलं आणि स्वयंपाकघरातल्या वहीत तारीख घालून लिहिलं. दुधाचा हिशोब लिहितात तसं.

नळाला येतं ते पाणी इंदिरा गांधी कालव्याचं. पंजाबात हरिकेला सतलज आणि बियास मिळतात, तिथून निघून ते सहाशेहून जास्त किलोमीटर चालत येतं. मी जरा सहानुभूतीनं मान हलवली, तर मेव्हणे म्हणाले, “तुमचं कुठून येतं?” आमचं नर्मदेचं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तर किलोमीटर, पाचशे मीटरांहून जास्त चढाव, पंपांवर पंप. लहानपणी नर्मदा इंदुरात आली तेव्हा गुलाल उधळला होता हे मला आठवतं. म्हणजे आम्ही दोघंही परगावचं पाणी पितो. फक्त मी ते अंगणात पाइपनं मारतो. ‘मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर’ हे पाठ असलेल्या माणसाला तेवढा माज असायचाच.

तिसऱ्या दिवशी आम्ही खडीन, म्हणजे पावसाचं पाणी अडवून पिकवायचं शेत, बघायला गेलो. खरं तर मला किल्ला बघायचा होता, पण छकुली म्हणाली, किल्ला कुठे पळून चालला आहे. शहराबाहेर काही किलोमीटर नुसता खडकाळ, पिवळट माळ. वर्षाला सगळा मिळून आठेक इंच पाऊस. आमच्याकडे पस्तीस-छत्तीस इंच पडतो तरी आम्ही बोंब मारतो. त्या माळाच्या सखल टोकाला मातीचा लांबच लांब बांध आणि बांधाच्या आत, माझा डोळ्यांवर विश्वास बसेना, हिरवागार हरभरा. पलीकडे गुडघ्याएवढा गहू. पंप नाही, पाइप नाही, पाट नाही, मोटारीची पेटी नाही.

शेतावरच्या म्हाताऱ्यानं समजावून सांगितलं. पावसाळ्यात सगळ्या माळावरचं पाणी वाहत येऊन बांधाला अडतं आणि इथे उभं राहतं. त्या काळात इथे काही पेरायचं नाही. पाणी हळूहळू जमिनीत जिरतं, उरलेलं मोरीतून काढून द्यायचं आणि ओल वर आली की गहू-हरभरा टाकायचा. मग कापणीपर्यंत वरून एक थेंबही द्यायचा नाही. पालीवाल ब्राह्मणांनी पाचशे वर्षांपूर्वी ही रीत बसवली म्हणतात. कुलधरा आणि आसपासची गावं सोडून ते गेले. का गेले, याच्या गोष्टी गाईडलोक रंगवून सांगतात. ते गेले आणि बांध मात्र राहिले. म्हातारा बोलता बोलता ‘उनाळू’ म्हणाला, रब्बीच्या पिकाला. मी आणि छकुलीनं एकमेकांकडे बघितलं. आजोबा हाच शब्द वापरायचे.

आजोबांच्या वेळी आमच्या शेतात पावसाळ्यात निम्मी जमीन रिकामी असे. नवीन माणसाला वाटेल आळस. पण पावसाची उघडीप मिळाली की ते वखर चालवत, गवत मोडत, माती उघडत. चार महिने जमीन पाणी पीत राही. मग दिवाळीच्या सुमाराला कठिया गहू, माळव्याचा जुना, कडक दाण्याचा, बाफल्यांना आणि रव्याला चांगला. त्याला पाणी द्यायची पद्धतच नव्हती. काळी माती तीच ओल फाल्गुनापर्यंत पुरवायची. सत्तरच्या दशकात सोयाबीन आलं. रिकाम्या चार महिन्यांत नगद पीक, कोण सोडेल? वडिलांनीही सोडलं नाही आणि मी त्यांना दोष देत नाही. आमची शिक्षणं, छकुलीचं लग्न, या घराचा वरचा मजला, सगळं सोयाबीनचं आहे. पण सोयाबीन काढून लगेच गहू, तोही पाच-सहा पाण्यांचा. त्याला विहीर पुरेना म्हणून बोअरिंग. पहिलं २०० फूट, दुसरं ४८०. बाकीच्यांनीही तेच केलं.

परतीच्या गाडीत छकुली बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “आजोबांची खडीन आपण बुजवली, दादा.” मी म्हटलं, तसं काही नाही, बाजार बदलला. तिनं विषय बदलला.

फेब्रुवारीत विहीर आटली.

इथे एक सांगायला हवं. रविवारच्या फोनशिवाय एक छोटा फोन शनिवारी शेतावरून करायचा, असा तिचा हट्ट असायचा. बोलायचं काही नाही. मोटार चालू असली की फोन हौदापाशी धरायचा, तिला पाण्याचा आवाज ऐकवायचा. अर्धा मिनिट. मला हे वेडेपणाचं वाटायचं, वाट्यानं शेत करणाऱ्या बटाईदाराला तर फारच. विहीर आटली, बोअरिंगही फुत्कारत दोन इंचांवरून बोटभर धारेवर आलं आणि गहू नेमका दाणा भरत होता. बटाईदार म्हणाला, “कईं करां भैया, पाणी तो गयो.” आणि मी तीन शनिवार छकुलीला सांगितलं की शेतावर रेंज नाही. रविवारी सांगितलं, सगळं ठीक आहे. का? ती आठशे किलोमीटर लांब, उगाच जिवाला घोर कशाला, असं मी आईला म्हटलं. खरं कारण ते नव्हतं. ज्याच्याकडे जमीन राहिली त्याच्या हातून विहीर गेली, हे बहिणीला सांगायला जीभ रेटेना.

चौथ्या रविवारी तिनं शेतीचं काही विचारलंच नाही. आईशी बोलली, माझ्या मुलाच्या परीक्षेचं विचारलं. फोन ठेवताना म्हणाली, “दादा, किती फुटावर गेलंय?”

मी सांगितलं.

“हौदाचा आवाज बंद झाल्यावर रेंज जाते, हे मला नव्यानं कळलं,” ती म्हणाली. पलीकडून रडणं, ओरडणं काही नाही. “मी गाळून नको म्हटलं होतं.” बस, एवढंच. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि आईनं सकाळी चहा देताना फक्त विचारलं, “तिला सांगितलंस ना?” म्हणजे आईलाही सगळं माहीत होतं.

गहू बिघ्याला जेवढा व्हायचा त्याच्या निम्माच झाला आणि दाणा बारीक. हे मी तिला पोत्यांच्या आकड्यासकट सांगितलं.

मे २०२५ मध्ये तिच्याकडची बातमी टीव्हीवर आधी आली. जैसलमेरवर ड्रोन, शहरात ब्लॅकआउट. आमच्या घरी रात्री दहा वाजता सगळे टीव्हीसमोर, आई देवापुढे. फोन लागत होता पण कुणी उचलत नव्हतं. साडेदहाला तिचाच आला. हळू आवाजात बोलत होती, अंधारात आपोआप आवाज हळू होतो म्हणाली. आम्ही दोघं घरातच आहोत, पाणी भरून ठेवलंय, मेव्हणे उपकेंद्रावरून संध्याकाळीच आले. आणि मग, मी काही विचारायच्या आत, “कांदा आत घेतला का? तिकडे आभाळ आहे म्हणे.” मी म्हटलं, अगं, तुझं काय चाललंय आणि तू कांदा काय विचारतेस. ती म्हणाली, “सांग ना. किती पोती झाली? ताडपत्री कुठली टाकली, निळी का फाटकी?” मी सांगत बसलो. निळी. पंचावन्न पोती. सहा पोती सडकी निघाली, ती वेगळी काढली. भाव काही नाही. नीलगायींनी, आमच्याकडे त्यांना घोडारोज म्हणतात, मुगाचा कोपरा खाल्ला. बोलण्यासारखं संपलं तसं मी पंधरा दिवसांपूर्वीचं परत सांगितलं. तिनंही ते पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. पाऊण तास. मधे एकदा लांब कुठेतरी धप्पकन काही वाजलं, तेव्हा ती म्हणाली, “हं, पुढे.”

जूनमध्ये मी बटाईदाराला सांगितलं की विहिरीखालच्या तीन बिघ्यांत यंदा सोयाबीन टाकायचं नाही. त्याला वाटलं उन्हानं माझं डोकं फिरलं. त्याचं नुकसान मी भरून देणार असं कबूल केल्यावर तो तयार झाला, तरी गावात सांगत फिरला की भैयाजी जमीन ‘सुला’ रहे हैं. छकुली फोनवरून मुकादमी करत होती. सखल बाजूचा बांध हातभर उंच करा, कोपऱ्यात मोरी ठेवा, उघडीप मिळाली की वखर फिरवा. मी म्हटलं, आपली काळी माती आहे, तिथला खडक नाही, पाणी उभं राहिलं तर चिखलच होईल. ती म्हणाली, म्हणूनच मोरी. या भांडणात बरोबर कोण, ते अजून ठरलेलं नाही. ऑगस्टमध्ये दोनदा पाणी तुंबून बांध फुटला, तेव्हा मी जिंकत होतो. उरलेल्या अकरा बिघ्यांत सोयाबीन पिवळं पडलं, मोझॅक रोगानं शेंगा भरल्याच नाहीत, हमीभाव ५,३२८ कागदावर राहिला आणि आमच्या ट्रॉलीला मंडीत त्याहून फार खाली बोली लागली, तेव्हा ती जिंकली. तिनं तसं म्हटलं नाही. बटाईदारानं म्हटलं, “तीन बीघा को बीज तो बच्यो.”

कठियाचं बी उज्जैनकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याकडून मिळालं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात टाकलं. पाणी द्यायचं नाही. बटाईदार रोज सकाळी त्या तुकड्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघतो.

आता शनिवारी हौदाचा आवाज ऐकवत नाही. मी एक दोर केला आहे, त्याला हातभर अंतरानं गाठी मारल्या आहेत, टोकाला दगड. विहिरीच्या काठावर उभं राहून तो सोडतो, ओढून घेतो आणि ओल कितव्या गाठीपासून सुरू झाली ते बघतो. भादव्यात चौथ्या गाठीला होती. हे काम दोन मिनिटांचं, पण वाकताना कंबर धरते आणि बटाईदाराचा नातू हटकून विचारतो की मासे पकडताय का.

परवाच्या रविवारी साडेआठला फोन लागला. मी म्हटलं, कठिया चार बोटं वर आलाय, वरच्या कडेला अर्ध्याएक बिघ्यात उगवलाच नाही, तिथे ओल कमी पडली असावी, आणि घोडारोजांना तो पत्ता कळला आहे.

“दोर?”

“अकराव्या गाठीला.”

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. “इकडे टांक्यात साडेचार वीत,” ती लिहिता लिहिता म्हणाली. “परवा पाणी येणार होतं, नाही आलं. कढीलिंबाला मात्र नवी पालवी आहे. बरं, आईला फोन दे.”

आईला तिला विचारायचं होतं की संक्रांतीचे लाडू कुणाबरोबर पाठवायचे.